ओरडक्या पट्ट्याचा सूड

आयुष्यभर मी ओरडलो. बोलतोय मात्र आज पहिल्यांदाच.

मी मोटारीचा पट्टा. इंजिनाच्या पुढच्या अंगाला तीन चाकांभोवती फिरणारा, काळ्या रबराचा. दुकानात मला बेल्ट म्हणतात. मोटार चालवणारे मला काहीच म्हणत नाहीत. मी नीट असलो तर मी आहे हेच त्यांना ठाऊक नसतं, आणि बिघडलो की थेट शिव्यांनीच ओळख होते.

सध्या मी एका शिवणाच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. समोर एक खुर्ची आहे. दर रविवारी एक माणूस येऊन तिच्यात बसतो. तो माझ्याकडे बघत नाही. मी त्याच्याचकडे बघतो.

तो माझा शत्रू आहे. कसा, ते सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यात घालून आम्हाला भाजतात, आणि तेव्हा जो आकार मिळतो तो रबर मरेपर्यंत विसरत नाही. वाकवा, ताणा, पिळा, सोडलं की ते मूळ आकाराकडे धाव घेतं. आमच्या पोटात दोरे असतात. रबर वरून दिसतं, पण ताण सगळा दोरे सोसतात. म्हणजे सोसणं आणि लक्षात ठेवणं, या दोन्ही गोष्टी आमच्या अंगातच भाजलेल्या असतात. माफ करणं मात्र कारखान्यात कुणी घातलं नाही.

कारखान्यातून मी सुट्या भागांच्या एका दुकानात आलो. तिथे आम्ही पट्टे छताखालच्या आकड्यांना वटवाघळांसारखे लोंबत असू. एके दिवशी तो आला. बोटाभोवती किल्ल्या फिरवत. किल्ल्यांच्या कड्यात एक जाडजूड लोखंडी चकती होती, मधे भोक असलेली, साधारण दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढी जाड. किल्ल्या फिरल्या की ती छान वाजायची.

"जुना कशाने गेला?" दुकानदाराने मला खाली काढता काढता विचारलं.

"गेला नाही अजून. ओरडतो."

"मग पट्टा कशाला बदलताय? चाकं एका रेषेत आहेत का बघा आधी. चाक तिरकं असलं की नवा पट्टासुद्धा ओरडणार."

"तुम्ही पट्टा द्या. चाकांचं मी बघतो."

'मी बघतो' हे त्याचं लाडकं वाक्य. पुढे कळलं, तो खरंच सगळं बघत असे. फक्त करत काही नसे.

मोटार एका बैठ्या घराच्या अंगणात उभी असायची. घरात दोनच माणसं होती, सासू आणि सून. दोघी मिळून पडदे आणि चादरी शिवायच्या. सासूबाई मशीनवर बसायच्या. सून मापं घ्यायची, कापड बेतायची आणि तयार माल मोटारीत घालून दवाखान्यांत, हॉटेलांत पोचवायची. मोटार तिच्या नवऱ्याची. तो वारला, आणि त्यानंतर ती चालवायला शिकली. माझा शत्रू म्हणजे तिचा दीर, सासूबाईंचा धाकटा मुलगा. राहायचा वेगळा, पण दर रविवारी जेवायला हजर. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही तिला वहिनीच म्हणतो. त्याच्याकडून घेतलेली ही एवढीच एक गोष्ट.

त्याने जुना पट्टा काढला. लांबी जुळते का हे पाहायला आम्हा दोघांना अंगणातल्या फरशीवर शेजारी शेजारी ठेवलं, आणि चहाला आत गेला. तेवढ्यात जुन्याने मला सगळं सांगितलं.

"मला थोरल्या मालकाने बसवलं होतं," तो म्हणाला. त्याचा एक काठ उंदराने कुरतडल्यासारखा झाला होता. "तो होता तोवर मी कधी हूं की चूं केलं नाही. मग अल्टरनेटर बंद पडला. वीज तयार करतो ना, तो. धाकट्याने तो काढला, दुरुस्त करून आणला, परत बसवला. बसवताना मागची चकती लावायची विसरला. तेवढ्याने ते चाक आत सरकलं. मी तिरका धावायला लागलो, काठ घासायला लागला आणि मी ओरडायला लागलो."

"चुकला असेल बिचारा," मी म्हणालो. मी नवा होतो. भोळा होतो.

"चूक झाली तेव्हा चूक होती. पुढच्या रविवारी त्याला चकती भिंतीपाशी सापडली. उचलली, अल्टरनेटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. आत वहिनी होती. तो हसला आणि चकती किल्लीच्या कड्यात अडकवून टाकली. त्याला ही मोटार हवी आहे रे. मागायला तोंड नाही, म्हणून मला रडवत होता. आता तुला आणलंय. नवा पट्टा घालूनही आवाज गेला नाही, म्हणजे इंजिनच गेलं, असं सांगायला."

मला साक्षीदार म्हणून विकत आणलं होतं, आणि तेही खोट्या साक्षीसाठी.

"माझं झालं," जुना म्हणाला. "तू त्याला सोडू नकोस."

चहा पिऊन आलेल्या माणसाने त्याला उचलून कचऱ्याच्या डब्यात फेकलं. मला चाकांवर चढवलं. वहिनीला हाक मारली. "वहिनी, चालू करा बघू." तिने किल्ली फिरवली. मी सगळी ताकद लावून सरळ राहायचा प्रयत्न केला. पण तीनपैकी एक चाक आत ओढत असताना पट्टा कसा सरळ राहणार? माझा काठ लोखंडावर घासला, आणि माझ्या तोंडून आयुष्यातली पहिली किंकाळी बाहेर पडली.

"बघा," तो तिला म्हणाला. तोंड पाडून, अगदी दुखवट्याला आल्यासारखं. "नवा कोरा पट्टा. तरी रडतेय. इंजिन गेलं वहिनी."

मी ओरडत होतो 'चकती, चकती'. त्यांना ऐकू येत होतं 'इंजिन, इंजिन'.

त्यानंतरचे दिवस अपमानाचे. सकाळी मोटार निघाली की शेजारचे काका फाटकातून म्हणायचे, "निघाली का तुतारी? बरं झालं, मला गजर लावावा लागत नाही." दवाखान्याच्या दारावरचा रखवालदार आम्हाला पाहूनच कानांत बोटं घालायचा. वहिनी हसून वेळ मारून न्यायची, पण गल्लीच्या तोंडाशी आली की तिचे हात स्टिअरिंगच्या चाकावर घट्ट व्हायचे. ते मला कळायचं. आवळलेल्या वस्तूला दुसऱ्याचं आवळणं लगेच कळतं.

रविवारी शत्रू यायचा. कधी मला आवळायचा, इतका की पाण्याच्या पंपाचं बेअरिंग कण्हायचं. कधी अंगाला साबण फासायचा. मी थोडा वेळ गप्प व्हायचो, आणि सोमवारी वहिनी एकटी असताना दुप्पट ओरडायचो. त्याला तेच हवं होतं.

मग एका रविवारी अंगणात, सासूबाईंच्या देखत, त्याने विषय काढला.

"वहिनी, माझ्या मनात तुमचं वाईट नाही. पण ही वाटेत बंद पडली तर काय कराल? मी घेऊन जातो. तुमची कटकट गेली. माल काय, पूर्वीसारखा मी पोचवीन."

"पूर्वीसारखा म्हणजे तुम्हाला वेळ झाला की," वहिनी म्हणाली. "दोन दोन दिवस पडदे दारात पडून असायचे, भाऊजी. गिऱ्हाईकं तुटली तेव्हा."

"आता नाही होणार तसं. दादाची गाडी भंगारात गेलेली मला बघवणार नाही."

"मला एक आठवडा द्या."

"घ्या की. पुढच्या रविवारी ओरडली नाही तर मी पुन्हा विषय काढणार नाही. ओरडली तर किल्ली माझी. आई, तू साक्षी."

सासूबाई बॉबिनवरचा दोरा सोडवत बसल्या. तो मात्र जाताना मजेत होता. कड्यातली चकती खुळखुळत होती. मी ती ऐकत होतो आणि आतल्या दोऱ्यादोऱ्याने जळत होतो.

सूड घ्यायचा तर कसा? मला हात नाहीत. मला एकच गोष्ट येते, तुटणं. एकदा चढावर मनात आलं, आत्ता तुटावं. पण स्टिअरिंगशी वहिनी होती, आणि तुटलो असतो तर म्हणणं त्याचंच खरं ठरलं असतं. शत्रूच्या बाजूने मरण्यासारखा मूर्खपणा नाही. म्हणून ठरवलं, आपल्याला ओरडताच येतं ना, तर जिथे कान आहेत तिथे ओरडायचं.

कान होते खिडकीत. मोटार खिडकीखाली उभी राहायची, आणि खिडकीत सासूबाईंचं पायमशीन होतं. त्या मशीनलाही एक पट्टा होता, चामड्याचा, म्हातारा, माझा दूरचा नातलग. वहिनी इंजिन चालू करी तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून जीव तोडून ओरडायचो. दोन दिवस सासूबाई नुसत्या मान वर करत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मशीन थांबलं.

"सूनबाई, बंद करू नकोस गं. ऐकू दे." त्या बाहेर आल्या. "हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. माझ्या मशीनचा पट्टा असाच किरकिरतो, चाक वाकडं झालं की."

"भाऊजी म्हणतात, इंजिन गेलंय."

"भाऊजी तुझे. मुलगा माझा. लहानपणी घड्याळ उघडून तीन स्क्रू उरवले होते त्याने. म्हणाला, हे जास्तीचे आले होते कंपनीकडून."

वहिनी खुदकन हसली. त्या मोटारीशेजारी बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं असेल.

त्याच दुपारी ती स्वतः सुट्या भागांच्या दुकानात गेली. आजवर दीर तिला तिथे जाऊ देत नसे, 'मी बघतो' म्हणायचा. दुकानदाराने बॉनेटखाली डोकं घातलं, मला पाहिलं आणि ओळखलं.

"हा मीच विकलाय. तेव्हाच म्हटलं होतं त्यांना, चाकं बघा म्हणून. सांगितलं नाही का?"

"नाही," वहिनी म्हणाली. तो 'नाही' ऐकून मला बरं वाटलं. त्यात धार होती.

"एक साधी गोष्ट करा. इंजिन चालू ठेवून पट्ट्यावर लांबून थोडं पाणी उडवा. आवाज वाढला तर पट्टा ढिला आहे. आवाज पटकन थांबून परत आला तर चाक तिरकं आहे. केस बांधा, बाह्या वर करा, आणि चालू इंजिनात हात घालू नका."

घरी आल्यावर वहिनीने केस बांधले. इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची बाटली असते, ती घेतली आणि लांबून माझ्यावर फवारा मारला. पाणी अंगावर पडताच घासणारा काठ गार झाला, माझी किंकाळी तुटली. दोघी श्वास रोखून उभ्या. मग पाणी उडालं आणि मी ओरडलो. तेवढ्या आनंदाने मी कधीच ओरडलो नव्हतो.

"तिरकं," दोघी एकदमच म्हणाल्या.

इंजिन बंद झालं, गार झालं. मग सासूबाईंनी जे केलं ते कुठल्या मेकॅनिकने केलं नसतं. त्यांनी शिवणाचा पांढरा दोरा घेतला. एक टोक सुनेच्या हातात दिलं आणि चाकांच्या तोंडांवरून दोरा ताणून धरला, कापडावर सरळ रेघ आखताना धरतात तसा. खालच्या चाकाला दोरा टेकला. पंपाच्या चाकाला टेकला. अल्टरनेटरच्या चाकाला टेकलाच नाही. मधे कात्रीचं टोक सहज जाईल एवढी फट होती.

"हे आत गेलंय," सासूबाई म्हणाल्या. मग चष्मा पुसून आणखी वाकल्या. अल्टरनेटर ज्या पट्टीला बोल्टने जोडलेला असतो, तिच्यावर सगळीकडे काजळी होती, फक्त एका कडेला स्वच्छ चकचकीत गोल होता. "आणि हे बघ. जुन्या सदऱ्याचं बटण तुटलं की तेवढीच जागा नवी राहते ना? इथलं बटण तुटलंय. गोल, मधे भोक, दोन नाण्यांएवढं जाड."

"पडलं असेल इथेच कुठे." वहिनी खाली बसून भिंतीपाशी शोधायला लागली.

सासूबाईंनी शोधलं नाही. त्या दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. दोरा संपला तरी बोट फिरत होतं.

"सूनबाई, ऊठ. तिथे नाहीये ते. ते माझ्या मुलाच्या किल्ल्यांत वाजतंय."

वहिनी हात झटकत उठली.

"आई, मी दुकानातून नवी आणते. कुणाला काही कळायला नको," वहिनी म्हणाली. "तुमचा मुलगा आहे तो."

"मुलगा आहे म्हणूनच तीच चकती हवी मला. रविवारी येऊ दे त्याला जेवायला."

ऐकलंत? मी एकटा नव्हतो. त्या दिवसापासून माझ्या सुडाला एक आई मिळाली होती, आणि ती त्याचीच होती.

रविवार आला. तो पोटभर जेवला. जेवल्यावर कोचावर आडवं व्हायची त्याची सवय होती. किल्ल्या खिडकीत टाकल्या, "तासाभराने उठवा, मग गाडी घेऊनच जातो" म्हणाला आणि घोरायला लागला. माझ्यावर 'ओरडका' म्हणून ठपका ठेवणाऱ्या माणसाचं घोरणं ऐकण्यासारखं होतं.

सासूबाईंनी किल्ल्या उचलल्या, वाजू नयेत म्हणून मुठीत घट्ट धरून. शिवण उसवायच्या हत्याराने कडं फाकवलं, चकती काढली आणि किल्ल्या परत खिडकीत ठेवल्या. वहिनीने पाना घेतला. इतके रविवार ती त्याला चहा देत उभी राहिली होती, तेवढ्यात सगळं पाहून ठेवलं होतं तिने. लांब बोल्ट ढिला केला. अल्टरनेटर हलवला. सासूबाईंनी चकती त्या चकचकीत गोलावर ठेवली. बसली, काजात बटण बसावं तशी. मग वहिनीने कापड मोजायच्या लाकडी गजाने अल्टरनेटर बाहेर रेटून मला ताण दिला, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि बोल्ट आवळले. पुन्हा दोरा धरला. दोरा तिन्ही चाकांना टेकला.

पण इंजिन चालू करून बघता येईना. तो उठला असता. आणि माझा काठ तर आधीच झिजलेला. त्या काठाने मी अजूनही ओरडेन की काय, हे त्या दोघींना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

तो उठला, खिडकीतल्या किल्ल्या खिशात टाकून जांभई देत अंगणात आला. शेजारचे काका फाटकाशी उभेच होते.

"काका, या. शेवटची तुतारी ऐकून घ्या," तो म्हणाला. वहिनीने मोटारीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तो आत बसला, पाय बाहेरच ठेवून. एवढा त्याला माझा भरवसा होता.

त्याने किल्ली फिरवली.

मी पोटातले सगळे दोरे आवळले. कचऱ्यात गेलेल्या जुन्याला आठवलं. झिजलेला काठ चाकाच्या खोबणीत गेला, थरथरला, आणि सरळ धावला.

आवाज नाही.

त्याने इंजिनाला जोर दिला. मी जोरात फिरलो. आवाज नाही. दिवे लावले, पंखा लावला, सगळा भार माझ्यावर टाकला. मी गप्प. लोक म्हणतात, सुडाला आवाज असतो. मी सांगतो, नसतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत गप्प फिरत होतो, आणि त्याच्या कपाळावर घाम फुटत होता.

"आज मला ऐकू कमी येतंय की काय?" काकांनी विचारलं.

त्याने इंजिन बंद करून बॉनेट उघडलं. जागेवर बसलेली चकती उन्हात चमकत होती. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. किल्ल्या बाहेर आल्या. हलवल्या. वाजल्या नाहीत.

"काय शोधतोस?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही... आई, अगं गंमत होती ती."

"हो का? मग हस ना."

तो हसला नाही. काका फाटकावरून हलले नाहीत.

"दादाची गाडी होती," तो हळूच म्हणाला. "मी हिच्यातच शिकलो चालवायला."

"मागितली असतीस तर दर रविवारी फिरवायला दिली असती हिने. मी द्यायला लावली असती. तू मागितली नाहीस, तिला घाबरवलंस. रस्त्यावर लोक हसत होते तिला, आणि तू आमच्या घरचं जेवून ती चकती बोटावर फिरवत होतास." सासूबाईंचा आवाज चढला नाही. "किल्ली दे तिला. यापुढे या गाडीला तुझा हात लागणार नाही."

त्याने किल्ली पुढे केली. वहिनीने ती घेतली आणि विचारलं, "चहा टाकू, भाऊजी?"

मी लोखंडावर घासलो आहे, पण एवढं घासणारं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

झिजलेला काठ काही परत येत नाही. थोड्याच दिवसांनी वहिनीने स्वतः नवा पट्टा आणला आणि स्वतः बसवला. तो पहिल्या दिवसापासून मुका आहे. त्याचा मला अभिमान वाटतो. मला कचऱ्यात टाकायला ती निघाली होती, पण सासूबाई म्हणाल्या, "आण इकडे." त्यांनी मला शिवणाच्या खोलीत खिळ्याला टांगलं. माझ्यावर त्या मोजायची टेप अडकवतात.

तो अजून रविवारी येतो. आईच्या हातचं जेवण सुटत नाही. जेवल्यावर हल्ली झोपत नाही, समोरच्या खुर्चीत बसून राहतो. परवा म्हणाला, "आई, ते काढ ना आता भिंतीवरून. किती दिवस?"

"टेप कुठे ठेवू मग?" सासूबाई म्हणाल्या आणि मशीन चालू केलं.

तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या मोटारीत माझा कुणी भाऊ ओरडत असेल, तर त्याला शिव्या देऊ नका, साबण फासू नका, लगेच बदलूही नका. आधी चाकं बघा. आणि 'मी बघतो' म्हणणारा कोण आहे, त्याच्या खिशात काय वाजतंय, तेही बघा.

माझं म्हणाल, तर माझी काही तक्रार नाही. उन्हाने मी कडक होत चाललोय, अंगावर भेगा पडायला लागल्यात. एक दिवस या खिळ्यावरच माझे तुकडे होतील. पण रबर आकार विसरत नाही, हे मी आधीच सांगितलं. तोवर रविवार येतच राहतील. खुर्ची समोर आहे. ती हलवायची नाही, असं सासूबाईंनी वहिनीला बजावून ठेवलंय.